जुन्या भांड्यांचं सात फुटी शिल्प: वेल्डिंग, बोल्ट की दोन्ही नको?

कोनाडा

एका सामूहिक प्रदर्शनासाठी वापरलेल्या वस्तूंचं उभं शिल्प करायचं आहे. उंची २१० सेंमी. जमलेला माल असा: स्टीलचे ११ डबे झाकणांसकट, स्टीलची ६ पातेली, पितळेचे ९ तांबे, २ पितळी घागरी, तांब्याचा एक बंब, ॲल्युमिनियमची ७ पातेली, पंपाचा पितळी स्टोव्ह, लोखंडी खलबत्ता, २ लाकडी पाट आणि सायकलचं एक चाक. मधल्या लोखंडी नळासकट वजन ७० किलोच्या आसपास जाईल.

जागा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आहे. फरशीला भोक पाडायचं नाही, भिंतीला किंवा छताला काही बांधायचं नाही. तीन आठवडे लोक चारही बाजूंनी फिरणार, त्यात शाळेची मुलंही असतील. नंतर सगळं सुटं करून टेम्पोत घालायचं आहे.

वेगवेगळे धातू एकमेकांना कसे जोडायचे? पाया केवढा लागेल? भांडी घासून लख्ख करावीत की काळी-हिरवी आहेत तशीच ठेवावीत? आणि एक नाजूक प्रश्न: एवढं करून ते शिल्प होईल की हॉटेलच्या दारातली शोभेची मांडणी?

---

ठोकपीट

आधी जोडाचं बोलतो.

स्टीलच्या डब्यांचा पत्रा साधारण ०.५ ते ०.८ मिमी असतो. साध्या वेल्डिंगच्या रॉडने त्याला भोकच पडणार. आर्गन वेल्डिंग करून घ्या. ०.८ मिमी पत्र्याला ३० अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. सलग शिवण मारू नका, दर ४० मिमीवर ५ मिमीचा टाका द्या आणि जोडाच्या मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. ती उष्णता ओढून घेते, नाहीतर डब्याचा तळ पापडासारखा फुगतो आणि परत सपाट होत नाही. स्टील ते स्टील ३०८एल रॉड, स्टील ते साधं लोखंड ३०९एल.

पितळेला मात्र वेल्डिंग नको. पितळेत जस्त असतं, ते ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळतंही त्याच सुमारास. म्हणजे जोड वितळेपर्यंत जस्त वाफ होऊन निघून जातं, जोड स्पंजसारखा सच्छिद्र होतो आणि पांढरा धूर नाकातोंडात जातो. तो धूर ओढला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचंही तेच, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्ताचं आवरण आधी ग्राइंडरने ५० मिमीपर्यंत उतरवायचं. पितळ आणि तांबं झाळायचं, म्हणजे भांडं न वितळवता आधी वितळणारा दुसरा धातू सांध्यात भरायचा. चांदीच्या रॉडसाठी मिळणारा फ्लक्स (सांधा साफ ठेवणारी पेस्ट) लावून चांदीमिश्रित रॉडने ब्रेझिंग, म्हणजे हीच झाळणी, केलं तर ६५० ते ७०० अंशांत काम होतं. पण तांब्या-घागरीला आतून कल्हई असेल तर जोडाच्या जागची कल्हई पूर्ण खरवडून काढा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, ब्रेझिंगमध्ये मिसळतं आणि जोड ठिसूळ होऊन तडकतो. भार नसलेल्या जोडाला मात्र कथलाचा मऊ डाखच पुरे, आणि कल्हईवर तो उलट छान धरतो.

ॲल्युमिनियम स्टीलला किंवा पितळेला वेल्ड होत नाही. तिथे पॉप रिव्हेट किंवा नट-बोल्ट. ४ मिमी रिव्हेटला ४.१ मिमी भोक, त्याहून सैल झालं की रिव्हेट फिरत राहतो. स्टीलला भोक पाडताना ड्रिलचा वेग कमी, दाब जास्त आणि तेल सतत. वेगात नुसतं घासत बसलात तर ती जागा कडक होते आणि मग कोबाल्टचं पानही तिथे बोथट होतं.

तीन गोष्टी जिवावरच्या आहेत. बंद डबा तापवू नका, आतली हवा फुगून झाकण तोंडावर येतं. आधी ६ मिमीचं भोक पाडा. स्टोव्हच्या टाकीला ज्योत किंवा ठिणगी अजिबात लावू नका. रॉकेल वीस वर्षांपूर्वी संपलेलं असलं तरी टाकीच्या सांध्यात वाफ उरते. त्याला तीन पाय आहेत, तिथूनच बोल्टने धरा. आणि मोडीच्या बाजारात पुढेमागे गॅसचा सिलिंडर मिळाला तर तो घेऊच नका. कापताना स्फोटाची भीती आहेच, शिवाय घरगुती सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो.

---

ओळंबा

ठोकपीट यांनी जोड सांगितले, पण या कामात जोडांवर भार येताच कामा नये. भार मधल्या नळाने घ्यायचा आणि भांडी त्यावर मण्यांसारखी बसवायची. एकावर एक नुसती रचलीत तर वरच्या ५० किलोंनी खालचा डबा पहिल्याच रात्री चेपेल. कान आणि कड्यांवरही भिस्त नको. त्या उचलण्यासाठी केलेल्या असतात, आडव्या ओढीसाठी नव्हे.

नळ दीड इंची, मध्यम जाडीचा घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ३.२ मिमी, वजन मीटरला साडेतीन किलो. प्रत्येक भांड्याखाली त्याची स्वतःची बैठक हवी: दोन इंची नळाची २५ मिमी रुंद कापलेली कडी, तिला ८ मिमीचा आवळायचा बोल्ट, वर १२० मिमी व्यासाची ३ मिमी जाड लोखंडी चकती आणि चकतीवर रबर. हा रबर विसरू नका. धातूला धातू लागला की पावलांच्या हादऱ्याने तीन आठवडे किणकिण चालू राहते, आणि ॲल्युमिनियम व तांबं ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं.

पाया. चौरस लोखंडी प्लेट, ९०० × ९०० × १० मिमी, वजन ६४ किलो. हे का ते पाहा. शिल्प ७० आणि प्लेट ६४ मिळून १३४ किलो. मध्यापासून कड ४५ सेंमीवर. कोणी दीड मीटर उंचीवर ढकललं तर शिल्प कलंडायला १३४ × ०.४५ ÷ १.५ म्हणजे सुमारे ४० किलोचा जोर लागेल. तीच प्लेट ६०० मिमीची केलीत तर ती भरते २८ किलो, एकूण ९८, आणि जोर लागतो जेमतेम २० किलोचा. तिसरीतलं पोर घागरीला लोंबकळलं तरी तेवढा होतो. बंब मध्याच्या बाहेर काढायची हौस असेल तर पुन्हा गणित करा. शिल्पाचा भार १५ सेंमी सरकला की त्या बाजूला ४० चे ३३ होतात.

नळ प्लेटला थेट वेल्ड करू नका, सुटं कसं करणार? प्लेटच्या मध्यावर दोन इंची नळाचा ३०० मिमीचा तुकडा उभा वेल्ड करा, त्याला चारही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्यांचा आधार द्या आणि दीड इंची नळ आत उतरवा. दोघांत चारपाच मिमीचा खेळ राहतो. तो दोष समजू नका, त्याचाच उपयोग आहे. बाहेरच्या तुकड्यावर दोन पातळ्यांवर तीन-तीन १० मिमी बोल्ट १२० अंशांवर बसवा. ओळंबा धरून एकेक बोल्ट आवळत गेलं की हॉलची फरशी उतरती असली तरी शिल्प सरळ उभं राहतं. वेल्डिंग एका बाजूने सलग केलंत तर प्लेट बशीसारखी वाकते आणि फरशीवर डुगडुगते. समोरासमोर थोडं थोडं मारा. खाली रबराचे तुकडे लावाल ते अगदी कोपऱ्यात. आत सरकवलेत तर तुमची ९०० ची प्लेट हिशेबात ७०० चीच राहिली. दोन कोपऱ्यांत १२ मिमीचे आटे पाडून आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) बसवा, ६४ किलोंची प्लेट बोटांनी धरून उचलता येत नाही.

---

तिरपागडं

नाजूक प्रश्नाला हात घालतो, कारण वरची उत्तरं कितीही चोख असली तरी ती चुकीच्या शिल्पाला लागू होऊ शकतात.

डबे, पातेली, घागरी मधल्या नळावर चढवल्या की काय होतं? उतरंड. मोठं खाली, लहान वर. मराठी माणसाला ती ओळखीची आहे, म्हणून तो दोन सेकंद पाहील, "आमच्याकडे होती अशी" म्हणेल आणि पुढे जाईल. हॉटेलच्या दारात हेच चालतं आणि तिथे ते ठीकच आहे.

मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९१३ मध्ये सायकलचं चाक स्टुलावर उलटं बसवलं, १९१४ मध्ये बाटल्या वाळवायची घोडी दुकानातून विकत आणली आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला 'आर. मट' अशी सही करून मुतारीचं भांडं पाठवलं. ते प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचा नियम होता की सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचंही काम मांडायचं, तरी ते मांडलं गेलं नाही. त्यात जोडकाम शून्य. निवड, दिशा बदलणं आणि नाव देणं, एवढंच. गंमत पुढची आहे. मूळ भांडं हरवलं, आणि १९६४ मध्ये त्याच्या आठ प्रती काढायच्या ठरल्या तेव्हा जुन्या फोटोवरून त्या कारागिरांकडून मुद्दाम घडवून घ्याव्या लागल्या. 'तयार वस्तू' म्हणून जगभर गाजलेली वस्तू आज संग्रहालयांत दिसते ती हातची!

दुसरी वाट पिकासोची. १९४२ सालचं बैलाचं डोकं म्हणजे सायकलची सीट आणि हँडल, बस. दोनच वस्तू, एकच जोड. पुढे ते ब्राँझमध्ये ओतलं, आणि दोन्ही भाग एकाच धातूचे झाल्यावर बैल आधी दिसतो, सायकल मागून.

तिसरी वाट राशीची. शिल्पकार सुबोध गुप्ता यांची २००६ मधली कवटी आणि २००८ मधला अणुस्फोटाचा ढग स्टीलच्या भांड्यांचेच. तिथे एकेका डब्याला महत्त्व नाही, हजारोंची चमक मिळून आकार होतो. तुमच्याकडे चाळीसेक वस्तू आहेत. ही संख्या अडनिडी आहे. राशीला फार कमी, निवडीला फार जास्त. शिवाय स्टीलचे डबे दिसले की प्रत्येक जण गुप्तांचंच नाव घेणार.

म्हणून सुचवतो: वस्तू दहाबारावर आणा. सायकलचं चाक काढाच. ते वर दिसलं की बाकी काही दिसत नाही, फक्त द्युशाँ दिसतो. आणि उतरंड उलटी करा. सर्वात खाली एक तांब्या, मग चढत्या मापाने मोठी भांडी, माथ्यावर बंब. वस्तू त्याच, पण घरातली रीत मोडलेली. मग माणूस थांबतो, हे पडत कसं नाही म्हणून खाली वाकून बघतो.

---

ओळंबा

@तिरपागडं, कल्पना आवडली, पण फुकट नाही. बंब वर गेला की ढकलायला लागणारा जोर तेवढाच राहतो, कलंडण्याचा कोन मात्र बदलतो. सरळ उतरंडीत शिल्पाचा गुरुत्वमध्य ९० सेंमीवर धरला तर प्लेटसकट तो येतो ४७ सेंमीवर आणि शिल्प ४३ अंशांपर्यंत कललं तरी मागे येतं. उलट्या उतरंडीत तो १४० सेंमीवर जाईल, प्लेटसकट ७३ वर, आणि ३१ अंशांनंतर मामला हातातून गेला. तरीही चालेल, पण प्लेट ९०० हून लहान करायची नाही. वस्तू कमी केल्यात तर शिल्प हलकं होईल, मग प्लेट १२ मिमी घ्या, ती ७६ किलो भरते.

दीड इंची नळ यालाही पुरतो. ४० किलोंचा धक्का बसला तर टोक तीनेक सेंटीमीटर झुकून परत येईल. ते हलणं लोकांना दिसेल एवढं खरं.

---

चिंचोका

घासायचं की नाही, याला एकच उत्तर नाही. पण अर्धवट घासणं सर्वात वाईट.

काही करण्याआधी ॲल्युमिनियम आणि लाकडी पाट सोडून बाकी सगळं धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवा; ॲल्युमिनियम त्या पाण्यात काळं पडतं आणि खाल्लं जातं. भांड्यांवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर असतो, तो दिसत नाही, पण त्यावर मेण, लॅकर, डाख काहीच धरत नाही. त्यानंतर काळेपणा ठेवायचा असेल तर तिथेच थांबा.

चमक हवी असेल तर पितळेला चिंच-मीठ किंवा लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, जास्तीत जास्त दहा मिनिटं. रात्रभर भिजत घातलं की पितळ गुलाबी होतं. वरचं जस्त खाल्लं जाऊन तांबं उघडं पडतं आणि मग ते घासून घासून काढावं लागतं. नंतर लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढा. खरी मेख कडेला आहे. तांब्या-पातेल्याची कड तारेवर वळवलेली असते, त्या वळीत आंबट पाणी साचतं आणि चारपाच दिवसांनी तिथून हिरवे ओघळ उतरतात, बरोबर उद्घाटनाच्या सुमारास. भांडं उलटं करून उन्हात किंवा गरम हवेने वळ कोरडी करा.

घासलेलं पितळ उघड्या बोटाने धरलं की ठसा आठवड्यात काळा उमटतो. तीन आठवड्यांच्या प्रदर्शनाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे, लॅकरची गरज नाही. पावसाळी हवेत लॅकर फवारलं तर ते दुधाळ होतं, आणि काढताना पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बफिंगला देण्याआधी एकेक भांडं फिरवून पाहा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, ठिपक्यांनी टोचलेलं नाव, तारीख, कोणाकडून भेट. बफिंगच्या चाकाखाली ती अक्षरं दोन मिनिटांत बुजतात. माझ्या मते तुमच्या मालातलं सर्वात मोलाचं तेच आहे. कारखान्यातून एकसारखे निघालेले दोन डबे फक्त त्या ठिपक्यांनी वेगळे होतात. नावाची बाजू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर, डोळ्यांच्या रेषेत येईल अशी ठेवा आणि दिवा समोरून न टाकता बाजूने, तिरका टाका. समोरच्या प्रकाशात टोचलेले ठिपके वाचता येत नाहीत. पूर्ण नाव-गाव असेल तर त्या घराला विचारा, किंवा अर्धं नाव मागे जाईल असं फिरवा.

पाट उन्हात धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, बाकीच्यांच्या कामांनाही लागेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर जमतं, लाकडावर नाही.

---

कोनाडा

सगळ्यांचे आभार. चाक काढलं. उलटी उतरंड करतोय: तांब्या, स्टोव्ह, दोन डबे, तीन पातेली, दोन घागरी, बंब. दोन शंका उरल्या. नळ आत घालायचा तर प्रत्येक भांड्याच्या बुडाला ५० मिमीचं भोक पडणार, ते नकोसं वाटतंय. आणि घानाचे शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तांब्याच्याच तारेने बांधतात ना? मग ते झिजत कसं नाही?

---

ठोकपीट

झिजायला ओलावा लागतो, त्यात मीठ असेल तर बघायलाच नको. कोरड्या हॉलमध्ये तीन आठवड्यांत काही होत नाही. नंतर कोकणात किंवा मुंबईत पोत्यात बांधून एक पावसाळा ठेवलंत की दिसेल. म्हणून रबर आणि नायलॉनचे वॉशर.

स्टोव्हमधून नळ जाणार नाही आणि जाऊही देऊ नका. तो नळाच्या बाजूला, आडव्या पट्टीवर पायांनी बसवा. पट्टी बाहेर आली की भार सरकतो, त्यामुळे ओळंबा यांचं गणित परत करा.

भोक पाडायचंच झालं तर ५१ मिमीचा होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत). तांब्याचं तोंड अरुंद, आतून ठोकळा जात नाही, म्हणून आत ओली वाळू ठासून भरा, तोंड बांधा आणि बाहेरून बुडाला भोक पाडा. वाळू नसेल तर पातळ पितळ पानाबरोबर ओढलं जाऊन फाटतं.

---

तिरपागडं

भोकाबद्दल. बूड गेलं की भांडं मेलं, परत त्यात पाणी राहणार नाही. हे कामाचा भाग म्हणून करायचं असेल तर लपवू नका, एखादं भांडं असं कलतं ठेवा की भोक दिसेल. फक्त सोयीसाठी करणार असाल तर घागरींना करू नका. घागरीच्या गळ्याला ३ मिमी × २५ मिमी पट्टीचा रबर लावलेला पट्टा आवळून ती नळाच्या कडेला धरता येते. अक्ष जरा सुटेल, पण सगळ्याच वस्तू काटेकोर मध्यावर असल्या की ते यंत्राचा सुटा भाग वाटतं.

बाजूच्या पाटीवर 'मिश्र माध्यम' लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'वापरलेली स्टील, पितळ, तांबे व ॲल्युमिनियमची भांडी, पंपाचा स्टोव्ह, लोखंडी नळ व प्लेट, रबर. २१० × ९० × ९० सेंमी' असं लिहा. बाटल्यांच्या बुचांची साडी म्हटलं की चित्रकार-शिल्पकार शर्मिला सामंत यांचं काम न पाहताही अर्धं डोळ्यांसमोर येतं, ते साहित्याच्या नेमक्या नावामुळेच.

---

ओळंबा

सुटं करण्याचं आत्ताच ठरवून ठेवा. प्रत्येक भांड्याला आणि त्याच्या कडीला एकच आकडा, खालून १ ते १०. मार्करने लिहू नका, मेणावर टिकत नाही आणि पितळेवर डाग राहतो. पातळ पत्र्याचा आकडा ठोकलेला बिल्ला तारेने आतल्या बाजूला बांधा. नळावर प्रत्येक कडीची जागा करवतीच्या हलक्या रेघेने खुणावा. उतरवताना आधी बंब, त्याला दोघं जण आणि घोडी. प्लेटवरच्या तुकड्याचे सहाही बोल्ट सगळं वजन उतरेपर्यंत ढिले करायचे नाहीत.